वॉलनटचा जुना साइडबोर्ड: सँडर लावण्याआधी एकदा विचारतो

जर्सीकर

न्यू जर्सीतल्या एका इस्टेट सेलमधून सहा फुटी साइडबोर्ड घेतलाय. १९६० च्या आसपासचा, अमेरिकन बनावटीचा. डावीकडे तीन खण, उजवीकडे सरकती दारं, खाली निमुळते पाय आणि पायांना पितळी टोप्या. वरचा पृष्ठभाग वॉलनट म्हणजे अक्रोडाचा आहे, पण भरीव नाही, व्हिनीअर (दुसऱ्या फळीवर चिकटवलेला पातळ लाकडी पापुद्रा) आहे. एवढं कडेवरून कळतं.

दुखणी अशी:
– वर कपाचे तीन-चार पांढरे गोल डाग, आणि कुंडी ठेवलेल्या जागी एक काळं वर्तुळ.
– खिडकीच्या बाजूचं पॉलिश सुसरीच्या पाठीसारखं भेगाळलंय.
– पुढच्या कडेला साधारण दोन सेंटिमीटर व्हिनीअर उडालंय, शेजारी एक फुगा.
– एक पाय डुगडुगतो, मधला खण अडकतो.

बेत असा: ऑर्बिटल सँडरने (विजेवरच्या घासायच्या यंत्राने) ८०, मग १२०, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर (नंबर लहान तितका खरबरीत), आणि वर पॉलियुरेथेनचे तीन हात. शनिवार-रविवारचं काम. काही चुकतंय का?

खडूस_सुतार

बरंच चुकतंय. ८० नंबर आधी परत पेटीत ठेवा.

त्या काळातल्या कारखानी फर्निचरवरचं व्हिनीअर फार तर ०.९ मिमी जाडीचं असायचं. कारखान्यातच त्याची घासाई झाली, आणि मधल्या साठ वर्षांत कुणी एकदा 'जरा घासून घेतलं' असेल तर त्यातलंही गेलं. सध्या हातात ०.६ मिमी आहे असं धरून चाला. ८० नंबर लावलेला सँडर एकाच जागी काही सेकंद रेंगाळला तरी कडेला आरपार जातो. कडाच आधी जातात, कारण सँडरचा निम्मा तवा हवेत असतो आणि सगळा भार उरलेल्या निम्म्यावर येतो. एकदा खालचा थर दिसला की तो जोडता येत नाही. मग रंगकाम करून लपवायचं, आणि ते तिरप्या उजेडात दिसतंच.

आधी वर नक्की काय लावलंय ते ओळखा. मागच्या बाजूला किंवा वरच्या फळीच्या खालच्या कडेला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे:

१. कापसाच्या काडीने डिनेचर्ड अल्कोहोलचा एक थेंब. पंधरा सेकंद थांबून बोट लावा. चिकट होऊन विरघळलं तर शेलॅक, म्हणजे आपली लाख.
२. अल्कोहोलने फारसं काही झालं नाही तर दुसऱ्या जागी लॅकर थिनरचा थेंब. विरघळलं तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. अल्कोहोलने लॅकरही किंचित मऊ पडतं, म्हणून घाईने निष्कर्ष काढू नका.
३. दोन्हींना दाद दिली नाही तर व्हार्निश, पॉलियुरेथेन किंवा हार्डनर घातलेलं काहीतरी.
४. थेंब लाकडात मुरला आणि वर पापुद्रा असा नव्हताच, तर नुसतं तेल. डॅनिश सागात हे बरंच आढळतं, अमेरिकन वॉलनटमध्ये कमी.

तुमचं लॅकर निघेल असा माझा अंदाज. तसं असेल तर निम्मी दुखणी पॉलिश न काढताच बरी होतात.

चपडा

खडूस यांच्याशी सहमत, पण चाचणीच्याही आधी साफसफाई. साठ वर्षांचं फर्निचर पॉलिश, हातांचं तेल, सिगारेटचा धूर यांचा मिळून एक तपकिरी थर असतो आणि लोक त्यालाच 'जुनं पॉलिश' समजतात.

आधी मिनरल स्पिरिट (भारतात एमटीओ नावाने मिळतं) फडक्यावर घेऊन पुसा. मेण आणि तेल त्याने निघतं. फडकं मळकं येणं थांबेपर्यंत बदलत राहा. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब, घट्ट पिळलेलं फडकं, आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. क्रम महत्त्वाचा. पाण्याने मेण निघत नाही आणि स्पिरिटने साखर, सरबत, चिकट हात निघत नाहीत. भेगाळलेल्या भागावर पाणी जपून, भेगांतून ते थेट व्हिनीअरखालच्या सरसापर्यंत जातं.

पांढरे डाग पॉलिशच्या थरात अडकलेल्या ओलाव्याचे असतात, लाकडाला काही झालेलं नसतं. आधी हेअर ड्रायर मध्यम गरम, सहा इंचांवरून, हलवत. नाही गेले तर कापडाच्या बोळ्यावर अल्कोहोल घ्या, बोळा जवळपास कोरडा वाटेल इतका पिळा आणि डागावरून झटकन एक फटकारा मारा. टेकवून ठेवायचा नाही. एक फटकारा, मिनिटभर थांबा, बघा, मग दुसरा. तरीही उरले तर ०००० नंबरचं स्टील वूल आणि चार थेंब मिनरल ऑइल, लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलक्या हाताने.

भेगाळलेल्या लॅकरवर एक जुनी युक्ती आहे. मऊ केसांचा ब्रश लॅकर थिनरमध्ये भिजवून पृष्ठभागावर थर सोडत जायचा. लॅकर विरघळतं, भेगा मिटतात, पुन्हा सपाट होऊन सुकतं. शेलॅक असेल तर हेच अल्कोहोलने. तीन पथ्यं: फळी आडवी सपाट हवी, त्याच जागी ब्रश मागेपुढे फिरवायचा नाही, आणि पावसाळी दमट दिवशी करायचं नाही. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि सगळीकडे दुधी झाक येते. २४ तास सुकू द्या, मग ०००० ने एक हात. व्हार्निश किंवा पॉलियुरेथेनवर ही युक्ती चालत नाही, सुरकुत्या पडून चिखल होतो.

जर्सीकर

चाचणी केली. अल्कोहोलने किंचित चिकट, थिनरने सरळ विरघळलं. म्हणजे लॅकर. साफ केल्यावर पुढची दारं आणि खण बरेच चांगले निघाले, पांढरे डागही गेले. पण वरचा भाग थिनरने जुळवूनही खिडकीच्या बाजूला खरबरीत राहिला, आणि काळं वर्तुळ जसंच्या तसं. मग वरचंच काय, सगळंच काढून टाकू का? एकसारखं दिसेल.

पटाशी

एकसारखं दिसणार नाही! उलट तिथेच घोळ होतो. या धाग्यात एकच गोष्ट वाचायची असेल तर ही वाचा.

अमेरिकन कारखान्यांत त्या काळी दर्शनी फळ्यांना वॉलनटचं व्हिनीअर असे, पण पाय, चौकटीच्या पट्ट्या, खणांच्या कडा अनेकदा गम, पॉप्लर किंवा पेकनच्या. स्वस्त आणि फिकट लाकडं. ती वॉलनटसारखी दिसावीत म्हणून लॅकरमध्येच रंग मिसळून फवारत. त्याला टोनर म्हणतात. रंग लाकडात नसतो, पॉलिशच्या थरात असतो. तुम्ही पॉलिश काढलं की रंगही गेला. वरची फळी सुंदर तपकिरी, पाय मात्र पिवळट-हिरवट आणि पट्ट्या गुलाबीसर, असं त्रिकूट समोर उभं राहतं. मग वॉलनट स्टेन आणून फासला जातो. गम आणि पॉप्लर स्टेन ठिगळठिगळ पितात, आणि जे आधीच वॉलनट आहे ते काळं पडतं.

कसं ओळखायचं? पायाच्या आतल्या बाजूला, नखभर जागेवर थिनर लावून पांढऱ्या कापडाने पुसा. कापडावर पिवळट डाग आला तर साधं लॅकर. स्पष्ट तपकिरी आला आणि खालचं लाकूड फिकट निघालं तर टोनर. तसं असेल तर चौकट आणि पाय खरवडू नका. साफ करा, ओरखडे टचअप मार्करने भरा, वरून पातळ लॅकरचा एक फवारा. संपलं.

फक्त वरची फळी काढा. ती आडवी आहे, सगळ्यात जास्त तिनेच सोसलंय, आणि तिचा रंग बाकीच्यांशी पुन्हा जुळवणं तुलनेने सोपं.

सागवानी

पटाशी, मुद्दा मान्य, पण सगळं जपून ठेवायचा आग्रह कधीकधी फार ताणला जातो. संग्रहालयात द्यायचाय का साइडबोर्ड? लॅकर भेगाळून पावडरीसारखं उडत असेल तर तो थर मेलेला आहे. त्याच्यावर काहीही मारलं तरी खालचाच थर सुटणार.

असो. वरची फळी काढायची रीत:

अमेरिकेत मिथिलीन क्लोराइडचे रिमूव्हर २०१९ पासून घरगुती ग्राहकांना विकायला बंदी आहे, त्यामुळे जुन्या व्हिडिओंतली पाच मिनिटांत पॉलिश उकलण्याची जादू विसरा. संत्र्याच्या वासाचं जेल मिळतं ते घ्या. साताठ चौरस फुटाला दीड-दोन लिटर लागतं, कंजुषी नको. दोन-तीन मिमी जाड थर, वर स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची फिल्म अंथरा म्हणजे जेल सुकत नाही. लॅकरला अर्धा-पाऊण तास बास. रात्रभर ठेवू नका, ओलावा व्हिनीअरच्या सांध्यांत शिरतो.

प्लॅस्टिकची पट्टी घ्या, तिचे कोपरे आधी घासून गोल करा. रेषेच्या दिशेने सरकवा. धातूची पट्टी व्हिनीअरमध्ये रुतते. मग मिनरल स्पिरिटमध्ये भिजवलेला खरबरीत हिरवा स्क्रबर. वॉलनटची छिद्रं उघडी असतात, त्यात गाळ बसतो. तो मऊ पितळी ब्रशने रेषेच्या दिशेने काढा. लोखंडी ब्रश नको, त्याचं कारण काळ्या डागाच्या वेळी कळेल.

लॅकर असल्याने जेलशिवायही चालतं: थिनरमध्ये भिजवलेली फडकी पसरून वर फिल्म, दहा मिनिटांनी पुसून घ्या. काम झटपट, पण वाफा जबरदस्त पेट घेणाऱ्या. गॅरेजमध्ये वॉटर हीटरची ज्योत जळत असेल तर तिथे हे करायचंच नाही. बाहेर, सावलीत, ऑरगॅनिक व्हेपर काडतुसाचा मास्क लावून. कागदी मास्क वाफ अडवत नाही.

एक दिवस सुकू द्या. मगच पॉलिश पेपर.

खडूस_सुतार

पेपर मी सांगतो, कारण सगळी वाट तिथे लागते.

१८० ने सुरू करा, २२० वर थांबा. १५० फक्त ओरखडा असेल तिथे. हाताने, कॉर्कच्या ठोकळ्यावर, रेषेच्या दिशेने. सुरू करण्याआधी पेन्सिलने पृष्ठभागभर अगदी हलक्या नागमोडी रेघा काढा. रेघा गेल्या की थांबायचं. हा एक पास. अशा दोन पासांहून जास्त लागलं तर घासणं थांबवा आणि रसायनाने काय करता येईल ते बघा. कडांवर अर्धा इंच मास्किंग टेप लावून ठेवा, शेवटच्या चार हातांपुरतीच काढा.

आरपार चाललंय याची आगाऊ सूचना मिळते: एखादा ठिपका आजूबाजूपेक्षा लालसर किंवा फिकट दिसू लागतो, किंवा रेषा अचानक आडव्या होतात. आडव्या रेषा म्हणजे खालचा थर. भुसा पुसून मिनरल स्पिरिट लावत बघत राहा. स्पिरिटने ओलं असताना लाकूड जसं दिसतं, पॉलिशनंतर साधारण तसंच दिसणार. न घासला गेलेला चिवट डाग, राहिलेलं जुनं लॅकर, सगळं त्यात उघडं पडतं.

अंगठीवाली

काळ्या वर्तुळाबद्दल कुणी बोलेना, म्हणून.

ते घासून जाणार नाही. वॉलनटमध्ये टॅनिन असतं. कुंडीचं पाणी, त्यातलं किंवा तिच्या तळाचं लोखंड आणि टॅनिन यांची मिळून शाई झाली आहे, अक्षरशः जुन्या काळची लिहायची शाई. ती लाकडाच्या आत असते. घासत गेलात तर डाग संपायच्या आधी व्हिनीअर संपेल. लोखंडी ब्रश नको तो याचसाठी: एखादा कण राहिला आणि पाणी लागलं की नवीन काळे ठिपके.

याला ऑक्झॅलिक ॲसिड. अमेरिकेत वुड ब्लीच म्हणून डब्यात मिळतं (कपड्यांचं क्लोरीन ब्लीच नव्हे, त्याने लाकडाचाच रंग उडतो आणि हा डाग तसाच राहतो), भारतात रसायनांच्या दुकानात सुटं. एक कप गरम पाण्यात दोन मोठे चमचे, प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात. हातमोजे, चष्मा. विषारी आहे, स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं वापरू नका.

लावायचं पूर्ण फळीवर. फक्त वर्तुळावर लावलंत तर काळ्या वर्तुळाच्या जागी फिकट वर्तुळ मिळेल. फळी सारखी ओली करा, सुकू द्या. डाग उरला असेल तर दुसऱ्या दिवशी परत. दोनदा लागतं, क्वचित तीनदा. मग स्वच्छ पाण्याने तीन वेळा पुसायचं, शेवटच्या वेळी लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून. सुकल्यावर पांढरे स्फटिक दिसले तर कोरडे झाडायचे नाहीत, घासायचे तर मुळीच नाहीत. ती धूळ नाकाघशाला फार झोंबते. परत ओल्या फडक्याने टिपा. दोन दिवस सुकवा, पाण्याने उठलेले तंतू २२० च्या दोन हलक्या हातांत बसतात.

डाग आणि खळगा एकाच जागी असेल तर आधी डाग, मग खळगा.

पटाशी

व्हिनीअरचं मी घेतो. ओलं काम सगळं संपल्यावर हे करा, नाहीतर नवीन सरस सुटायचा.

*फुगा.* बोटाने टकटक केल्यावर पोकळ वाजतो तेवढ्या भागाची पेन्सिलने हद्द आखा. जुन्या प्राणिज सरसाचं काम असेल तर ओलसर कापडावरून मध्यम गरम इस्त्री दहा सेकंद फिरवली की सरस वितळतो आणि फुगा बसतो. पण १९६० चा कारखाना म्हणजे बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा चिकटा, तो वितळत नाही. तुमच्याकडे पॉलिश निघालेलंच आहे, एकदा इस्त्री करून बघायला हरकत नाही. नाही बसला तर नव्या ब्लेडने फुग्यावर रेषेच्या दिशेने एक चीर द्या, कधीही आडवी नाही. पांढरा सरस (तिकडे टाइटबाँड, इकडे फेविकॉल) पाण्याने दहा टक्के पातळ करून सिरिंजने आत सोडा. बोटाने दाबून जादा बाहेर काढा आणि ओल्या फडक्याने लगेच पुसा. राहिलेल्या सरसावर पॉलिश बसत नाही, पांढरट चट्टा दिसतो. वर मेणकागद, त्यावर सपाट फळी, क्लॅम्प. रात्रभर.

*उडालेली कड.* चौकोनी ठिगळ लावू नका. रेषेला आडवा जाणारा सांधा लांबून दिसतो. होडीच्या आकाराचं, दोन्ही टोकं निमुळती, असं ठिगळ कापा. आधी ठिगळ कापायचं, ते जागेवर ठेवून धारदार सुरीने भोवती रेघ ओढायची, आणि मग पटाशीने खालचं तेवढंच काढायचं.

आता अडचण. बाजारातलं आजचं व्हिनीअर साधारण अर्धा मिमी असतं, तुमचं त्याहून जाड. ठिगळ खाली बसतं, आणि ते लपवायला लोक आजूबाजूचं घासतात. तसं करू नका. दोन थर एकमेकांवर चिकटवून ठिगळ बनवा, म्हणजे ते किंचित वर राहील आणि फक्त तेच घासून समतल करता येईल. त्याहून उत्तम म्हणजे त्याच साइडबोर्डमधून चोरी करणं: वरच्या फळीची मागची कड भिंतीकडे असते आणि तिथलं व्हिनीअर त्याच जाडीचं, त्याच वयाचं असतं. तिथून दोन सेंटिमीटर उचला, तिथे नवीन लावा.

वयाचा मुद्दा का, तर बहुतेक लाकडं उजेडात गडद होतात, वॉलनट मात्र उजेडात फिकट आणि सोनेरी होतं. नवं ठिगळ आज बरोबर जुळलं तर पाच वर्षांनी वेगळं दिसेल. थोडं गडद राहिलं तर चिंता नको.

पुणेरी_पाटी

वॉलनटवाल्यांच्या मेळाव्यात सागाला जागा आहे का? पुण्या-मुंबईत त्याच काळातले सागवानी शोकेस, आरामखुर्च्या, तिरप्या पायांचे टीपॉय जुन्या बाजारात अजून सापडतात. त्यांना हेच नियम?

सागवानी

आहे की. पण नियम थोडे वेगळे.

इकडचं सामान पुष्कळदा भरीव सागाचं, त्यामुळे पेपर लावताना छातीत धडधडत नाही. मात्र शोकेसच्या बाजू आणि पाठ हमखास प्लायच्या, तिथे व्हिनीअरचेच नियम. पॉलिश तीन प्रकारचं सापडतं: मूळचं लाखेचं, कुणीतरी नंतर मारलेलं एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर किंवा टचवूडसारखं तयार पॉलिश, किंवा मेलामाइन. मेलामाइन थिनरला दाद देत नाही, त्याला पेंट रिमूव्हरच लागतो. इकडच्या पॉलिशवाल्यांची सवय म्हणजे खडूची पूड आणि गेरू कालवून छिद्रं भरायची. ती पूड निघाली नाही तर तेल लावल्यावर छिद्रांत पांढरे ठिपके उमटतात. पितळी ब्रश आणि एमटीओ, दोन-तीनदा.

सागाचं स्वतःचं तेल असतं. त्यामुळे तेलाचं व्हार्निश नीट सुकत नाही आणि सरस धरत नाही. चिकटवण्याच्या किंवा पहिल्या हाताच्या आधी ॲसिटोनने पुसा आणि दहा-पंधरा मिनिटांत काम उरका. ताजा घासलेला साग चट्टेरी दिसतो, हिरवट-तपकिरी पट्टे. घाबरून स्टेन लावू नका, तीन-चार दिवस उजेडात ठेवला की रंग एक होतो.

आणि बाजारातलं 'टीक ऑइल' सागापासून बनत नाही. बहुतेक जवसाचं किंवा टंगचं तेल, थोडं व्हार्निश आणि भरपूर मिनरल स्पिरिट. 'डॅनिश ऑइल'ही त्याच कुळातलं. लावा खुशाल, पण नावाचे पैसे देऊ नका.

चपडा

सागावर लाखेचं पॉलिश करायचं तर: १२० ग्रॅम चपडा (लाखेचे पापुद्रे), एक लिटर स्पिरिट (म्हणजे डिनेचर्ड अल्कोहोल, मिनरल स्पिरिट नव्हे), रात्रभर भिजवून मलमलीतून गाळा. तळाशी बसणारा ढगाळ गाळ म्हणजे लाखेतलं मेण. वरचं निवळ वेगळं काढलंत तर त्यावर नंतर कुठलंही पॉलिश बसतं. मेण राहिलं तर पॉलियुरेथेन धरत नाही. अमेरिकेतल्या मंडळींनी मेणविरहित तयार शेलॅक घ्यावं, झिन्सरचं सीलकोट हे तसं आहे.

कालवलेली लाख सहा महिन्यांपलीकडे भरवशाची नाही. काचेवर एक थेंब टाका. अर्ध्या तासाने नखाला चिकट लागला तर फेकून द्या. लाकडावर मारून मग कळण्यात अर्थ नाही. आणि जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात या भानगडीत पडू नका, दुधी झाक ठरलेली.

जर्सीकर

काळं वर्तुळ दोन हातांत गेलं. ठिगळ मागच्या कडेवरून घेतलं. आता शेवटचं: वर काय मारू? पॉलियुरेथेन का नको?

खडूस_सुतार

नको असं नाही, जाड नको. या फर्निचरचं रूप बारीक, मंद चकाकीत आणि उघड्या छिद्रांत आहे. ब्रशने तीन जाड हात मारलेत तर काचेखाली ठेवल्यासारखं दिसेल.

तुमच्या फळीसाठी:

पहिला हात मेणविरहित शेलॅकचा, अल्कोहोलने निम्मा पातळ करून, फडक्याने. याची दोन कामं. जुन्या स्प्रे-पॉलिशमधलं सिलिकॉन लाकडात मुरलेलं असतं, त्यामुळे वरच्या थरात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. शेलॅक ते खाली दाबून ठेवतं. दुसरं, वॉलनटला ऊब येते. पाण्यातलं पॉलियुरेथेन थेट वॉलनटवर मारलं तर लाकूड करड्या रंगाचं, मेल्यासारखं दिसतं.

तासाभराने ३२० चा एक हलका हात. मग तेलाचं सॅटिन व्हार्निश आणि मिनरल स्पिरिट निम्मं-निम्मं, सुतं न सुटणाऱ्या फडक्याने पुसत लावायचं. अगदी पातळ. हातांमध्ये आठ ते बारा तास, दर दोन हातांनी ४०० चा स्पर्श. रोजच्या वापराच्या फळीला पाच-सहा हात, बाजूंना दोन पुरेत. डबा वापरताना तळापासून ढवळा, हलवू नका: सॅटिनची पूड तळाशी बसते, आणि हलवलं की बुडबुडे.

रंग दारांशी जुळायला कमी पडला तर टोनर शेलॅकनंतर आणि व्हार्निशच्या आधी. मोहॉकचा स्प्रे डब्यात मिळतो. फूटभर अंतरावरून धुकं सोडल्यासारखा, एका जागी न थांबता, आणि हवा त्याहून थोडा कमीच. जादा झाला तर परत खरवडण्यापासून सुरुवात.

अंगठीवाली

तेलाच्या आणि व्हार्निशच्या चिंध्या!! गोळा करून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं. चिंध्या चुरगळलेल्या असतील तर ती आतच साठते आणि काही तासांत आपोआप पेटतात. एकेक पसरून बाहेर कठड्यावर वाळवा, पुठ्ठ्यासारख्या कडक झाल्या की टाका. किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

पुणेरी_पाटी

शिसवीबद्दल एक ओळ? डॅनिश रोजवुडचं टेबल तिकडून भारतात आणायचं चाललंय.

पटाशी

आधी कागदपत्रं. त्या काळच्या डॅनिश रोजवुडमध्ये ब्राझिलियन शिसव पुष्कळ, आणि ती १९९२ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय देशाबाहेर न्यायची नाही, मग टेबल कितीही जुनं असो. आपली शिसवही २०१७ पासून दुसऱ्या परिशिष्टात आहे.

पॉलिश करताना: शिसवीचा जांभळा-तपकिरी रंग अल्कोहोलमध्ये उतरतो. शेजारी फिकट लाकडाची पट्टी असेल तर लाखेचं फडकं तिच्यावर जांभळी रेघ ओढतं. शिसव आणि पट्टी वेगवेगळ्या फडक्यांनी.

आणि खालच्या बाजूचे शिक्के, कागदी लेबलं, डॅनिश फर्निचर कंट्रोलचा गोल बिल्ला, चंदीगडच्या खुर्च्यांवर रंगवलेले नंबर, यांना पेपर लावायचा नाही. वस्तूची ओळख तीच. अमेरिकेतल्या लेन कंपनीच्या पेट्यांवर आणि टेबलांखाली जो आकडा असतो तो उलटा वाचला की तारीख मिळते: ३६०२६० म्हणजे ०६-२०-६३, २० जून १९६३.

सागवानी

जर्सीकर, पाय आणि खण राहिले.

पाय बहुधा हँगर बोल्टचा आहे. एका टोकाला लाकडी स्क्रू, दुसऱ्याला ५/१६-१८ (५/१६ इंच जाड, इंचाला १८ आटे) बोल्ट. पाय फिरवून काढा. बोल्ट पायातच सैल असेल तर भोकात सरस लावलेली लाकडी काडी ठोकून, सुकल्यावर लहान ड्रिलने भोक पाडून परत बसवा. वरची लोखंडी पट्टी सैल असेल तर तिचे स्क्रू त्याच जाडीचे पण पाव इंच लांब घ्या, आधी तळाच्या फळीची जाडी मोजून. जाड स्क्रू घातले की चिपबोर्ड फुटतो.

मधला खण काढून खालची मधली लाकडी पट्टी बघा. झिजून खड्डा पडला असेल तर खण पुढे झुकतो आणि कडा घासतात. खड्डा फार नसेल तर साधी मेणबत्ती पट्टीवर आणि खणाच्या खालच्या कडांवर घासा. खणाच्या आत तेल लावू नका, महिनोन्‌महिने वास जात नाही आणि कपड्यांना लागतो. कुबट वास असेल तर आतून शेलॅकचे दोन पातळ हात.

आणि शेवटच्या हातानंतर तीन आठवडे वर टीव्ही, फ्लॉवरपॉट, काही ठेवायचं नाही. व्हार्निश हाताला कोरडं लागलं तरी आतून मऊ असतं, बुडाखालच्या रबराचे ठसे उमटतात. कुंडी ठेवणारच असाल तर खाली बशी, आणि बशीखाली कॉर्क.